पात्रता नसलेली विभागप्रमुख

परवा व्हिडिओ कॉलवर तू मोठ्या कौतुकानं सांगितलंस, की तुझ्या विद्यापीठात कोणता कोर्स कोणत्या प्राध्यापकानं शिकवायचा हे आता एक सॉफ्टवेअर ठरवतं, आणि त्यामुळे कुणावर अन्याय होत नाही. तुझा भाऊ मागून ओरडला, "आजीला काय सांगतेस? तिच्या वेळी खडू आणि फळा!" तुमच्याकडे जेवणाची वेळ झाली होती म्हणून मी गप्प बसले. पण खडू-फळ्यावरून मला चिडवणाऱ्यांसाठी सांगते, तू दुधाचे दात पाडत होतीस तेव्हा असलं सॉफ्टवेअर गोंदियात येऊन, नारळ फोडून घेऊन, कामालाही लागलं होतं. त्याचा न्याय मी जवळून पाहिला आहे. दोघांनीही वाचा.

त्याआधी आमच्या कॉलेजचं वेळापत्रक मी करत असे. जून महिन्यात आमचं जेवणाचं टेबल आठवडाभर माझ्या ताब्यात असायचं. तुमचे आजोबा ताट मांडीवर घेऊन जेवायचे. टेबलावर मोठा ड्रॉइंग पेपर पसरायचा, वार आणि तास आखायचे, आणि जुन्या लग्नपत्रिका कापून केलेल्या चिठ्ठ्या त्यावर सरकवत बसायचं. पत्रिकांची मागची बाजू कोरी असते आणि कागद जाड असतो, वाऱ्यानं उडत नाही. प्रत्येक चिठ्ठीवर एक प्राध्यापक आणि एक पेपर.

हे काम गणिताचं आहे असं तुम्हाला वाटेल. ते गाड्यांचं काम होतं. आमचे निम्मे प्राध्यापक अप-डाऊन करत, म्हणजे राहायला नागपूरला आणि नोकरीला गोंदियात. त्यांचा पहिला तास सकाळची गाडी ठरवायची आणि शेवटचा तास परतीची. देवरीकडून येणाऱ्यांची बस हायवेवर ट्रक आडवा झाला की तासभर उशिरा. कचारगडच्या यात्रेत सालेकसाकडची मुलं आठवडाभर वर्गात दिसणार नाहीत, म्हणून त्या आठवड्यात नवीन धडा सुरू करायचा नाही. भूगोलाच्या सरांना मधुमेह, त्यांना जेवणानंतरचा तास मोकळा हवा. इतिहासाचे दोघं एकमेकांशी बोलत नसत, त्यांना शेजारशेजारचे वर्ग द्यायचे नाहीत. हे सगळं माझ्या डोक्यात असे आणि मला त्याचा गर्व होता. सगळे म्हणायचे, मॅडमच्या वेळापत्रकात कुणाची तक्रार नसते. तक्रार नव्हती हे खरं. ती का नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या इंग्रजी विभागात एक पद्धत होती. दरवर्षी प्रत्येकानं आपल्या पसंतीचे पेपर एका कागदावर लिहून विभागप्रमुखाकडे द्यायचे. नियम असा होता. पद्धत अशी होती की वरिष्ठांनी लिहायचं आणि कनिष्ठांनी खाली फक्त सही करून कोरा कागद द्यायचा. तुम्ही द्याल ते शिकवू, असा त्याचा अर्थ. मी स्वतः अकरा वर्षं असा कोरा कागद दिला होता. बाराव्या वर्षी आमचे जुने सर निवृत्त झाले, मी विभागप्रमुख झाले, आणि कविता आणि वाङ्मयाचे सगळे पेपर माझ्याकडे आले. त्यानंतर मी कोरे कागद घेऊ लागले. देताना ज्या गोष्टीला मी मनातल्या मनात लाचारी म्हणत असे, तिला घेताना मी संस्कार म्हणू लागले.

विभागात आम्ही तिघं. मी, एक अप-डाऊनवाले सर, आणि एक नवीन मॅडम. नवीन म्हणजे काय, चार वर्षं झाली होती त्यांना. आधी तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितका मोबदला, आणि मग राखीव जागेवर पूर्णवेळ. देवरीकडच्या एका बौद्ध कुटुंबातल्या. आई बिड्या वळायची, वडील राइस मिलमध्ये पोती उचलायचे. घरात इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली ही पहिलीच, आणि वर नेटची परीक्षा पास. अप-डाऊनवाल्या सरांनी ती परीक्षा तीनदा दिली होती. मी कधी दिली नाही, कारण माझ्या वेळी ती नव्हती, आणि याबद्दल मी देवाची आभारी आहे.

पहिल्या वर्षी या मॅडमनी पसंतीच्या कागदावर, कुणी सांगितलं नव्हतं म्हणून, सरळ लिहिलं : पहिली पसंती, कविता. सरांनी तो कागद वाचला आणि स्टाफरूमभर हसले.

"मॅडम, आल्या आल्या कविता? आधी दोन-चार वर्षं कॉमर्सच्या पोट्ट्यांना कंपल्सरी इंग्लिश शिकवा. घसा बसू द्या थोडा!"

मी हसले नाही. मी मॅडमना बाजूला बोलावलं, चहा मागवला, आणि गोड आवाजात विभागाची पद्धत समजावून सांगितली. त्यांनी तो कागद परत घेतला, घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि दुसऱ्या कोऱ्या कागदावर सही करून दिली. मला वाटलं, किती समजूतदार मुलगी आहे.

मग ते सॉफ्टवेअर आलं. आमचे प्राचार्य नागपूरला कुठल्याशा चर्चासत्राला गेले आणि परत येताना एक सीडी आणि कंपनीचा एक इंजिनिअर घेऊन आले. स्टाफ मीटिंगमध्ये त्यांनी जाहीर केलं, "आजपासून मानवी हस्तक्षेप बंद! कोणाला कोणता पेपर, ते अब कंप्यूटर बताएगा." हे म्हणताना ते माझ्याकडे पाहत होते. लग्नपत्रिकांचा आणि माझा जमाना संपला, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं.

इंजिनिअरनं दाखवलं. एका पानावर येत्या वर्षी चालवायचे सगळे पेपर आणि त्यांचे तास. दुसऱ्या पानावर सगळे प्राध्यापक. तिसऱ्या पानावर प्रत्येकाची पसंती, एक, दोन, तीन अशी. बटण दाबलं की मशीन पेपर वाटून देणार. एका प्राध्यापकाला आठवड्याला चोवीस तासांच्या वर मशीन काही देणार नाही. मी विचारलं, गाडीच्या वेळा कुठं भरायच्या? तो म्हणाला, "मॅडम, त्याचं मॉड्यूल वेगळं येतं." ते मॉड्यूल आजवर आलेलं नाही.

पसंती भरण्याचा दिवस मी विसरणार नाही. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही असा नियम होता, त्यामुळे बाहेर व्हरांड्यात देवळासारखा चपलांचा ढीग. आत क्रोशाचं पांढरं आवरण काढून ठेवलेला कॉम्प्युटर आणि त्याच्यासमोर आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, दोन बोटांनी टाइप करताहेत. आम्ही रांगेत मोज्यांनिशी उभे. क्रीडा विभागाच्या सरांना वाटलं ही हजेरी आहे, म्हणून त्यांनी दिसेल त्या पेपरपुढे खूण करायला सांगितली. पुढं मशीननं त्यांना राज्यशास्त्राचा एक पेपर दिला. अप-डाऊनवाले सर धोरणी. ते बाबूंना म्हणाले, "सगळ्यांपुढे एक नंबर टाका. जितके येतील तितके सेफ." मी माझ्या नेहमीच्या पेपरांपुढे एक टाकला, ठळक, जणू बाबूंच्या बोटांतून ठळक येणार होता. मग नवीन मॅडमची पाळी आली.

"का टाकू मॅडम?" बाबूंनी विचारलं, म्हणजे कोणता आकडा टाकू.

"काही नका टाकू. विभागप्रमुख मॅडम देतील ते."

मी मागेच उभी होते. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

उद्‌घाटन संस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते ठरलं होतं. कॉम्प्युटरला हार घातला, कीबोर्डला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला तो खिडकीबाहेर, कारण वायरिंग. प्राचार्यांची अडचण अशी, की अध्यक्षांनी दाबायचं कुठलं बटण? इंजिनिअर सकाळच्याच गाडीनं परत गेला होता. स्क्रीनवर तीन बटणं दिसत होती. त्यांतलं एक सगळ्यांत मोठं आणि लाल होतं, आणि अध्यक्षांच्या इभ्रतीला शोभेल असं तेच होतं. अध्यक्षांनी ते दाबलं. टाळ्या वाजल्या, पेढे वाटले. ते बटण म्हणजे वाटप करा आणि कायमचं लॉक करा. चूक असेल तर ती पाहून दुरुस्त करण्याचं बटण शेजारी होतं. ते लहान आणि राखाडी होतं. असल्या बटणाला कोणता अध्यक्ष हात लावील?

दुसऱ्या दिवशी छापील यादी नोटीस बोर्डावर लागली. इंग्रजी विभाग, एकूण अठ्ठेचाळीस तास. मला चोवीस, सरांना चोवीस, नवीन मॅडमना शून्य.

या शून्याचा अर्थ तुम्हाला समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ही यादी शिक्षण खात्याच्या सहसंचालकांच्या कार्यालयात जाते. ज्या प्राध्यापकाला पुरेसे तास आहेत त्याच्या जागेला मान्यता मिळते. ज्याला नाहीत तो अतिरिक्त ठरतो आणि त्याची जागा कापली जाते. नवीन मॅडमच्या जागेची कायम मान्यता त्याच वर्षी व्हायची होती. त्यासाठी त्यांना सोळा तास लागत होते. या नोकरीसाठी त्यांनी देवरीच्या शाळेतली कायम नोकरी सोडली होती. यादी पुढच्या सोमवारी जायची होती.

स्टाफरूममध्ये हळहळ झाली, पण कशी? "अरेरे, पण करणार काय? मशीननं केलं. कुणाचा हात नाही यात." असं म्हणणाऱ्यांच्या चेहऱ्यावर दुःख कमी आणि सुटकाच जास्त होती. एक जण तर म्हणाले, "बरं झालं, आता जातीवरून केलं असं तरी कोणी म्हणणार नाही." वर्षानुवर्षं आम्हाला जे करताना थोडा संकोच व्हायचा, ते काम आता बिनसंकोच करून देणारं यंत्र आलं होतं. प्राचार्य मानवी हस्तक्षेप बंद म्हणाले होते, ते या अर्थानं अगदी खरं होतं.

मी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी कंपनीला फोन लावला आणि मोठ्यानं बोलण्याची सोय चालू केली. पलीकडून मुलगी म्हणाली, पसंती न भरणारा प्राध्यापक रांगेत शेवटी जातो, बाकीच्यांचं पोट भरून उरलं तर त्याला मिळतं. लॉक उघडता येत नाही. हां, एखाद्यानं आपला पेपर सोडला तर तो पुढच्याला जातो. पेपर सोडण्याची कारणं तीन : निवृत्ती, आजारपण, पात्रता नाही. चौथं कारण नाही.

"बघा," प्राचार्य फोन ठेवत म्हणाले, "सिस्टम किती क्लिअर आहे."

"सर, एका प्राध्यापिकेची नोकरी जाते आहे."

"मॅडम, मैं क्या करूं? अध्यक्षसाहेबांनी दाबलं आहे बटण. त्यांनी दाबलेलं मी सोडवू?"

मग मी अप-डाऊनवाल्या सरांना गाठलं. त्यांचे चोवीस तास पाहून त्यांचाही चेहरा उतरला होता, कारण त्यांतले आठ तास सकाळी साडेसातला भरणाऱ्या कॉमर्सच्या पहिल्या वर्षाचे होते आणि नागपूरहून सुटणारी पहिली गाडी त्यानंतर खूप वेळानं गोंदियाला यायची.

"मग ते तर सोडा," मी म्हटलं.

"सोडले असते मॅडम, पण उद्या माझेच कमी पडले तर? मी सरप्लस झालो तर कुठं जाऊ, चंद्रपूरले? तुम्हाला दोन वर्षं राहिली. तुमचं काय जाते?"

हा माणूस साधारणपणे चुकीचं बोलत असे, पण या वेळी नेमकं बोलला. मला निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मी कितीही तास सोडले तरी मला कोणी काढणार नव्हतं. सर मशीनच्या चोवीसच्या मर्यादेला टेकलेले, तेव्हा मी सोडीन ते नवीन मॅडमकडेच जाणार. माझ्याकडे कविता धरून वाङ्मयाचे बरोबर सोळा तास होते. हिशेब इतका सोपा होता की मला तो दोन दिवस दिसला नाही.

निवृत्ती हे कारण खोटं ठरलं असतं. आजारपणाला सिव्हिल सर्जनचा दाखला हवा, आणि मला उभ्या आयुष्यात डोकेदुखीपलीकडे काही झालेलं नाही. राहिलं तिसरं कारण. मी जबलपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, नागपूरला एम.ए.ला पहिल्या वर्गात आले, वीस वर्षं इंग्रजी कविता शिकवली, आणि आता मी स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं की मला ती शिकवण्याची पात्रता नाही! शनिवार-रविवार मी कपाटं आवरली. तुमचे आजोबा म्हणाले, "लिहून टाक की. एका मशीनला काय वाटतं याची तुला एवढी काळजी?" त्यांना लोकांनी कधी वेळापत्रकासाठी नमस्कार केला नव्हता, त्यांना काय कळणार.

यादी जायचा सोमवार अजून आठवडाभर दूर होता. मंगळवारी मी नवीन मॅडमना ग्रंथालयात बसवून सांगितलं, मी सोळा तास सोडते आहे. त्यांचे डोळे भरून येतील अशी माझी अपेक्षा होती. मी रुमालसुद्धा जवळ ठेवला होता.

त्या म्हणाल्या, "कायले?"

स्टाफरूममध्ये त्या नेहमी पुस्तकी मराठी बोलत. घरचं बोलणं त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"म्हणजे काय? तुमची नोकरी वाचावी म्हणून."

"मॅडम, तुम्ही माझ्यावर उपकार करून राहिल्या. मले उपकार नाही पाहिजे, कागद पाहिजे."

"कसला कागद?"

"मी फॉर्म कोरा काऊन ठेवला, हे लिहून द्या. नाही तर फाइलमध्ये काय राहील? की हिला काही येत नव्हतं म्हणून हिनं काही भरलं नाही, आणि मॅडमनं दया केली. जन्मभर माझ्या मागं तेच लागेल. पहिल्या वर्षी मी भरलं होतं ना मॅडम? तुम्हीच परत दिलं होतं." आणि वर, "चहा पाजून."

मला राग आला. एवढं मोठं मन करून मी आले होते, आणि ही मुलगी माझ्याकडे हिशेब मागत होती. पण ती म्हणत होती त्यातलं एक अक्षरही मला खोडता येईना. मी म्हटलं, देते लिहून.

पहिला मसुदा मी इंग्रजीत लिहिला. इंग्रजीत एक सोय आहे, कुणी काय केलं हे न सांगता पानभर लिहिता येतं. विभागात काही प्रथा रूढ होत्या, त्यामुळे पसंती नोंदवल्या जात नव्हत्या, वगैरे. भाषा उत्तम होती. त्यांनी वाचला आणि परत दिला.

"इंग्लिश चांगलं आहे मॅडम. पण हे कोणी केलं, ते यात दिसत नाही."

शेवटी मराठीत लिहिलं, चार ओळी. या विभागात कनिष्ठ प्राध्यापकांनी पसंती लिहायची नाही अशी पद्धत आहे. ती मी पाळायला लावली. या प्राध्यापिकेनं पहिल्या वर्षी लिहिलेली पसंती मी परत केली होती. त्या सर्व पेपर शिकवण्यास पात्र आहेत. खाली सही आणि विभागप्रमुखाचा शिक्का. तीस वर्षांत मी शेकडो पत्रं लिहिली, पण एवढं छोटं पत्र लिहायला मला कधी एवढा वेळ लागला नव्हता.

प्राचार्यांनी पत्र वाचून चष्मा काढला. "मॅडम, हे कायले लिहिलं? मशीन पत्र वाचत नाही."

"मशीनसाठी नाही सर. फाइलसाठी आहे. आवक नंबर टाकून द्या."

नंतर मी चपला काढून आत गेले आणि बाबूंना म्हटलं, "माझे वाङ्मयाचे पेपर सोडा."

"कारण का टाकू?"

"तिसरं."

बाबूंची दोन्ही बोटं हवेत थांबली. "मॅडम, मी खुद तुमच्याजवळ शिकलो बी.ए.ले. मी कसं टाकू हे?"

"तुम्ही इंग्रजीत नापास झाला होतात ना? मग टाका. पुरावा आहे तुमच्याजवळ."

ते हसले आणि त्यांनी टाकलं. नवीन यादी आली. नवीन मॅडम सोळा, मी आठ, सर चोवीस. आणि गंमत पाहा, माझे आठच राहिलेले पाहून सरांना धीर आला. आपल्याहून कमी तास असलेलं कुणीतरी आहे म्हटल्यावर त्यांनी सकाळी उठल्यावर चक्कर येते असा दाखला आणला आणि साडेसातचे आठ तास सोडले. ते माझ्याकडे आले. तिघांना सोळा-सोळा. जूनमध्ये मी लग्नपत्रिकांवर पाच मिनिटांत हे केलं असतं. पण त्यात कविता माझ्याकडेच राहिली असती, हेही इथं लिहून ठेवते.

महिन्या-दोन महिन्यांत सहसंचालक कार्यालयाचे एक साहेब तपासणीला आले. ते यादीवर बोट ठेवून म्हणाले, "विभागप्रमुखांनाच पात्रता नाही? मग विभाग चालवतं कोण?" प्राचार्य छताकडे पाहू लागले. नवीन मॅडमनी फाइलमधलं माझं पत्र काढून साहेबांपुढं ठेवलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मान्यतेच्या कागदावर सही केली. त्या पाहण्यात काय होतं याचा मी अजून विचार करते. आदर नव्हता, एवढं नक्की.

पुढच्या वर्षी पसंतीचा दिवस आला तेव्हा मी आरामात होते. गरज संपली, आता आपले पेपर आपल्याकडे येतील. बाबूंनी माझं पान उघडलं तर त्यावर कविता दिसेचना. वाङ्मय नाहीच. एकदा पात्रता नाही म्हटल्यावर मशीननं ते पेपर माझ्या पानावरून काढून टाकले होते. कंपनीला फोन केला. तीच मुलगी असावी. "मॅडम, मधल्या काळात तुम्ही काही नवीन पदवी घेतली का? प्रमाणपत्र अपलोड केलं तर विचार करू."

मी शांतपणे फोन ठेवला. एक वाट अजून होती. ज्याच्याकडे पेपर आहे त्यानं आपण होऊन बदली दिली तर मशीन ऐकतं. मी नवीन मॅडमना गाठलं. त्या वेळी त्यांनी माझ्याआधीच आपलं पान भरलं होतं, कवितेपुढं एक. मी म्हटलं, एवढं शेवटचं वर्ष कविता माझ्याकडे राहू द्या. वीस वर्षं शिकवली आहे मी.

"तुम्ही वीस वर्षं शिकवली. मी एक."

"म्हणूनच म्हणते."

"मॅडम, मी पण म्हणूनच नाही म्हणून राहिली."

आवाज चढवला नाही, नजर चोरली नाही, पुस्तक उचललं आणि वर्गावर गेल्या. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी बोलले, कारण विभागात तिघंच होतो आणि अप-डाऊनवाल्या सरांशी किती बोलणार? त्यांच्या वर्गातून येणाऱ्या मुली जिन्यात कवितेवर वाद घालत उतरायच्या. माझ्या वेळी त्या नोट्स उतरवून गप्प उतरायच्या. यात चांगलं कोणतं, ते तुम्ही ठरवा. मी ठरवलेलं नाही.

निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं मी सकाळी साडेसातला कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला कंपल्सरी इंग्लिश शिकवलं. अभ्यासक्रमात पत्रलेखन होतं, आणि त्यात रजेचा अर्ज. तो मी इतका मन लावून शिकवला की वर्षाअखेरीस वर्गातल्या प्रत्येकाला बिनचूक अर्ज लिहिता येत होता. डिसेंबरच्या थंडीत त्यांतले बरेचसे अर्ज माझ्याच टेबलावर आले.